शंतनुराव किर्लोस्कर
शंतनुराव लक्ष्मणराव किर्लोस्कर (२८ मे १९०३, सोलापूर – २४ एप्रिल १९९४) हे मराठी उद्योजक होते. लोखंडी नांगरांचे कारखानदार लक्ष्मणराव हे त्यांचे वडील. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून १९२६ मध्ये यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात रुजू झाले. १९४६ साली त्यांनी पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन केली. नांगरापेक्षा डिझेल इंजिनाचे काम कितीतरी नाजूक. त्यात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत पंपाद्वारे उच्च दाबाचे इंधन फवारावे लागते. पंपाच्या दट्ट्याभोवतीची फट केसाहूनही बारीक असते. ती झिजून किंचित वाढली तरी इंधन झिरपते, दाब उतरतो आणि इंजिन सुरूच होत नाही. वीज न पोहोचलेल्या गावांत विहिरींचे पाणी उपसण्यासाठी शेतकऱ्यांना अशा इंजिनांचाच आधार होता. शंतनुरावांना १९६५ मध्ये पद्मभूषण मिळाले.