संत गोन्सालो गार्सिया आणि त्यांचे पंचवीस सोबती

रामटेकच्या गडाकडे पायी जाणाऱ्या यात्रेकरूंना आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. निघताना परकी असलेली माणसे चार कोस बरोबर चालली की एकमेकांचे ओझे उचलू लागतात. आपल्या ज्युबिलीच्या निमित्ताने मी अशाच एका वाटचालीची कथा सांगण्याचे योजिले आहे. मात्र त्या वाटेच्या अखेरीस क्रूस उभे होते.

गोन्सालो गार्सिया यांचा जन्म 1556 च्या सुमारास वसई येथे झाला. पिता पोर्तुगीज, माता याच किनाऱ्यावरील. येशूसंघाच्या धर्मगुरूंच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले व कोवळ्या वयातच ते त्यांच्यासमवेत जपानला गेले. तेथील भाषा त्यांनी उत्तम आत्मसात केली आणि धर्मशिक्षक म्हणून कित्येक वर्षे सेवा केली. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची मनीषा होती. परंतु ती सफल झाली नाही. निराश मनाने ते व्यापारात शिरले. व्यापारात बरकत आली, मनाला मात्र स्वस्थता लाभली नाही. अखेर मनिला येथे फ्रान्सिस्कन संघाने त्यांना बंधू म्हणून स्वीकारले.

1593 साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषी होऊन ते पुनश्च जपानला आले. क्योटो नगरीत या संन्याशांनी देऊळ व महारोग्यांसाठी रुग्णालय उभारले.

येथे एक अप्रिय गोष्ट लपविणे बरे नव्हे. तेराव्या ग्रेगरी पोप महाराजांनी 1585 साली जपानचे धर्मकार्य केवळ येशूसंघाकडे सोपविले होते. त्यामुळे फ्रान्सिस्कनांचे आगमन त्या संघास रुचले नाही. त्यात पोर्तुगीज व स्पॅनिश यांची चुरस मिसळली. एकाच प्रभूचे सेवक एकमेकांविरुद्ध तक्रारी लिहू लागले. (असली चुरस आम्हा धर्मगुरूंना आजही अगदीच अपरिचित नाही, हे पन्नाशी उलटलेल्या माणसाने कबूल करावे हे उत्तम.) गोन्सालो यांची स्थिती तर विशेष नाजूक होती. ज्यांनी त्यांना वाढविले ते एका बाजूस, ज्यांनी आपले म्हटले ते दुसऱ्या बाजूस.

1596 साली सान फेलिपे नावाचे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटले. त्यातून उद्भवलेल्या संशयाने राज्यकर्ता हिदेयोशी याचा कोप भडकला व चोवीस जणांस देहान्ताची शिक्षा झाली. सहा फ्रान्सिस्कन, येशूसंघाचे पौल मिकी व त्यांचे दोन सोबती, बाकीचे जपानी प्रापंचिक. एक सुतार या कैद्यांच्या मागोमाग चालत राहिला. दुसऱ्या एकास येशूसंघाच्या धर्मगुरूंनी त्यांच्या शुश्रूषेस धाडले होते. पहारेकऱ्यांनी त्या दोघांनाही बांधले आणि संख्या सव्वीस झाली.

प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापून, भर हिवाळ्यात, सुमारे महिनाभर त्यांना नागासाकीकडे नेण्यात आले. त्यांत बारा वर्षांचा लुई होता, तेरा वर्षांचा अंतोन होता. चौदा वर्षांचा थॉमस कोझाकी आपल्या पित्याबरोबर चालत होता. कोण कोणत्या संघाचा, याचा विचार दोरखंडाने बांधलेल्या माणसांनी काय करावा?

नागासाकी जवळ आले तेव्हा येशूसंघाचे फादर रॉड्रिग्ज त्यांना भेटले. फादर पेद्रो बाप्तिस्ता यांनी त्यांना बाजूस घेतले आणि फ्रान्सिस्कनांमुळे येशूसंघास जो त्रास झाला असेल त्याबद्दल क्षमा मागितली. रॉड्रिग्ज यांनीही आपल्या संघाच्या वतीने तशीच क्षमा मागितली. इतक्या वर्षांचे ते भांडण, आणि ते मिटविण्यास भर रस्त्यातील काही क्षण पुरले! गोन्सालो यांच्या मनास त्या दिवशी काय वाटले असेल, याचे मी अनेकदा चिंतन केले आहे.

दुसऱ्या दिवशी, 5 फेब्रुवारी 1597 रोजी, निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस ओळीने उभे राहिले आणि भाल्यांनी त्यांचा अंत करण्यात आला.

1627 साली फ्रान्सिस्कनांना व येशूसंघीयांना धन्य म्हणून घोषित करणारी फर्माने वेगवेगळी निघाली. 8 जून 1862 रोजी नवव्या पायस पोप महाराजांनी मात्र सर्व सव्वीस जणांस एकत्रच संतपद दिले. भारतभूमीत जन्मलेले पहिले संत म्हणून गोन्सालो यांचे नाव घेतले जाते. वसईजवळील गास गावचे देऊळ त्यांच्याच नावाचे आहे. 6 फेब्रुवारीस ख्रिस्तसभा सव्वीसही जणांचे स्मरण एकाच मिस्सात करते.