विश्लेषण : नाकावाटे काढली जाते मेंदूच्या तळाची गाठ, कोण होते हार्वे कुशिंग?

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. तिच्यात गाठ वाढली, की काहींचे हात-पाय, जबडा मोठा होतो, तर काहींची दृष्टी जाते. अमेरिकी शल्यचिकित्सक हार्वे कुशिंग (१८६९-१९३९) यांनी अशा रुग्णावरील आपली पहिली शस्त्रक्रिया १९०९ मध्ये केली. वरच्या ओठाखालून, नाकामागच्या पोकळीतून गाठ काढण्याची पद्धत त्यांनी रुळवली. नंतर मात्र त्यांनीच ती सोडून कवटी उघडण्याचा मार्ग धरला. इतरांनीही तेच केले. १९३२ मध्ये त्यांनी वर्णन केलेला आजार आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. एडिंबराचे त्यांचे शिष्य नॉर्मन डॉट यांनी जुनी पद्धत जपली. १९६० च्या दशकात शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शक आला, पुढे दुर्बीण आली. उमेळ्याहून परळच्या केईएममध्ये जाणाऱ्या रुग्णाची गाठही आज बहुधा नाकावाटेच निघते.