लेगासोव्ह आणि उलटा ब्रेक

व्हॅलेरी लेगासोव्ह मूळचे रसायनशास्त्रज्ञ, जन्म १९३६ चा. २६ एप्रिल १९८६ ला चेर्नोबिलची चौथी अणुभट्टी फुटली आणि मॉस्कोच्या कुर्चातोव्ह संस्थेतून त्यांना थेट तिकडे धाडलं गेलं. जळत्या भट्टीवर हेलिकॉप्टरमधून वाळू, शिसं आणि बोरॉन ओतलं. बोरॉन न्यूट्रॉन गिळतो ना! किरणोत्साराचा डोस त्यांनाही बसलाच.

ऑगस्टमध्ये व्हिएन्नात त्यांनी पाच तास अहवाल मांडला. मुख्य ठपका मात्र ऑपरेटर्सवर. मोठी गोम होती कंट्रोल रॉड्सच्या ग्राफाइटच्या टोकांत. कमी पॉवरवर भट्टी बंद करायला रॉड्स खाली सोडले, की आधी पॉवर वाढायची. म्हणजे ब्रेक दाबावा आणि गाडी सुसाट सुटावी! २७ एप्रिल १९८८ ला, ५१ व्या वर्षी, त्यांनी आत्महत्या केली. डिझाइनमधला हा दोष आंतरराष्ट्रीय अहवालात ठळकपणे आला तो १९९२ साली.