डॉ. गुस्ताव्ह सायमन

मी कॉमर्सचा विद्यार्थी. शस्त्रक्रिया हा काही माझा प्रांत नव्हे. पण गेल्या वर्षी माझ्या आईने मामाला आपले एक मूत्रपिंड दिले. उरलेल्या एकावर ती जगेल का, हा आजीचा प्रश्न आम्हा सर्वांच्याच मनात होता. त्याचे उत्तर शोधण्याची जबाबदारी ज्यांनी प्रथम अंगावर घेतली, त्या डॉ. गुस्ताव्ह सायमन यांची ही ओळख.

सायमन यांचा जन्म १८२४ साली जर्मनीतील डार्मस्टाट येथे झाला. आरंभी ते सैन्यात डॉक्टर होते. मूत्राशयाला भोक पडून लघवी झिरपत राहणाऱ्या स्त्रियांवरील शस्त्रक्रियांत त्यांनी नाव मिळविले. पुढे ते रोस्टॉकला व १८६७ पासून हायडेलबर्गला प्राध्यापक झाले.

तेथे त्यांच्याकडे एक बाई आली. आधीच्या एका शस्त्रक्रियेत तिची मूत्रवाहिनी दुखावली होती आणि लघवी सतत बाहेर झिरपत असे. दुरुस्तीचे प्रयत्न फसले. आता त्या बाजूचे मूत्रपिंडच काढणे हा एक उपाय उरला. पण दुसरे सगळा भार पेलील, याची खात्री कोण देणार? सायमन यांनी घाई केली नाही. त्यांनी कुत्र्यांचे एकेक मूत्रपिंड काढून पाहिले. कुत्री जगली. मग प्रेतांवर सराव केला आणि २ ऑगस्ट १८६९ रोजी पाठीकडून छेद घेऊन, तासाभराच्या आतच, बाईचे मूत्रपिंड काढले. ती बरी झाली.

१८७१ मधील दुसरा रुग्ण मात्र दगावला. तरीही त्यांनी हा विषय सोडला नाही. त्यांच्या ग्रंथाचा दुसरा भाग १८७६ मध्ये निघाला व त्याच वर्षी, वयाच्या ५२ व्या वर्षी, ते वारले.

पुढे शंभरावर वर्षे मोठा छेद हाच मार्ग होता. २५ जून १९९० रोजी अमेरिकेत सेंट लुईस येथे डॉ. राल्फ क्लेमन यांनी दुर्बिणीच्या साहाय्याने, लहान छिद्रांतून मूत्रपिंड काढले. त्याला जवळजवळ सात तास लागले! आता वेळ पुष्कळ कमी झाला आहे. वेदना कमी होतात, रुग्ण लवकर घरी जातो. गाठ फार मोठी असेल तर मात्र आजही पोट उघडावे लागते.

आईच्या पोटावर तीन बारीक खुणा व खाली एक आडवा व्रण आहे. छिद्रे लहान झाली ती अलीकडे. पण एकावर भागते, हा भरवसा जुना आहे. महिन्याभरात आई पुन्हा स्वयंपाकघरात उभी राहिली. आजी आता तो प्रश्न विचारीत नाही.