विश्लेषण : दंगलीनंतर वीस वर्षांचा आराखडा... मलेशियाची आर्थिक घडी बसवणारे तुन अब्दुल रझाक कोण होते?

क्वालालंपूरला गेलेले पर्यटक पेट्रोनासच्या जुळ्या मनोऱ्यांसमोर छायाचित्र काढल्याशिवाय परतत नाहीत. मनोऱ्यांना ज्या सरकारी तेल कंपनीचे नाव आहे, ती १९७४ मध्ये स्थापन झाली. तेव्हा पंतप्रधान होते तुन अब्दुल रझाक. मलेशियाचे हे दुसरे पंतप्रधान या पदावर जेमतेम सव्वापाच वर्षे होते. पण त्यांनी आखलेल्या धोरणाभोवती त्या देशाचे राजकारण आजही फिरते.

जडणघडण कुठे झाली?

रझाक यांचा जन्म ११ मार्च १९२२ रोजी पहांग राज्यातील पेकान येथे एका मलय सरदार घराण्यात झाला. सिंगापूरच्या रॅफल्स कॉलेजमध्ये शिकत असताना दुसरे महायुद्ध आले आणि शिक्षण थांबले. जपानी अमलात ते पहांगमधील वतानिया या भूमिगत प्रतिकार गटात सामील झाले. युद्धानंतर ते लंडनला गेले आणि लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाले. पुढे पहिले पंतप्रधान झालेले तुंकू अब्दुल रहमान यांच्याशी त्यांची मैत्री तिथेच जुळली.

मायदेशी परतल्यावर १९५१ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, ते मलय समाजाच्या ‘उम्नो’ या प्रमुख पक्षाचे उपाध्यक्ष झाले. ३१ ऑगस्ट १९५७ रोजी मलाया स्वतंत्र झाला. तुंकू पंतप्रधान आणि रझाक उपपंतप्रधान, ही जोडी पुढची १३ वर्षे टिकली.

‘लाल पुस्तक’ ही काय भानगड होती?

ग्रामीण विकास खाते हे रझाक यांचे खरे कार्यक्षेत्र. प्रत्येक जिल्ह्यासाठी त्यांनी लाल बांधणीचे एक मोठे पुस्तक तयार करून घेतले. त्यात जिल्ह्याचे नकाशे असत. रस्ता, पाणी, शाळा यांची गरज कुठे आहे, हे त्यावर खुणांनी दाखवलेले असे. कम्युनिस्ट बंडखोरांविरुद्धच्या मोहिमेत वापरलेली ‘ऑपरेशन्स रूम’ची पद्धत त्यांनी विकासकामांसाठी वापरली. भिंतीवरच्या तक्त्यावर कोणते काम कुठे अडले, ते दिसे. रझाक स्वतः जिल्ह्यात जाऊन अधिकाऱ्यांना त्याचा जाब विचारत.

याच काळात ‘फेल्डा’ या सरकारी संस्थेने जंगल साफ करून भूमिहीन कुटुंबांना वसवले. प्रत्येक कुटुंबाला रबराच्या आणि पुढे पाम तेलाच्या लागवडीसाठी जमीन मिळे. खर्चाची परतफेड उत्पन्नातून करायची असे. या कामासाठी रझाक यांना १९६७ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

१३ मे १९६९ रोजी काय घडले?

गावे सुधारत असली तरी मूळ दुखणे कायम होते. ब्रिटिशांच्या काळापासून वंशानुसार धंदे वाटले गेले होते. मलय लोक शेतीत, मासेमारीत आणि सरकारी नोकरीत. चिनी व्यापारात आणि कथिलाच्या खाणींत. तर भारतीय, मुख्यतः तमिळ मजूर, रबराच्या मळ्यांत. मलय-चिनी तणावातूनच ऑगस्ट १९६५ मध्ये सिंगापूर मलेशियापासून वेगळे झाले होते. त्या गुप्त वाटाघाटींत मलेशियाच्या बाजूने रझाक आणि सिंगापूरच्या बाजूने गोह केंग स्वी होते.

१० मे १९६९ च्या निवडणुकीत सत्ताधारी आघाडीचे दोनतृतीयांश बहुमत गेले. विरोधकांच्या विजयी मिरवणुका निघाल्या. १३ मे रोजी त्याला उत्तर म्हणून मलय समर्थक जमले आणि क्वालालंपूर पेटले. सरकारी आकड्यानुसार १९६ जण मारले गेले. त्यात बहुसंख्य चिनी होते.

आणीबाणी लागू झाली आणि संसद स्थगित झाली. सारे अधिकार राष्ट्रीय कार्यवाही परिषदेकडे गेले. तिचे प्रमुख होते रझाक. सप्टेंबर १९७० मध्ये तुंकू पायउतार झाले आणि रझाक पंतप्रधान झाले. हाती आलेली ही निरंकुश सत्ता त्यांनी कायम ठेवली नाही. फेब्रुवारी १९७१ मध्ये संसद पुन्हा भरली. मात्र मलय समाजाचे विशेष स्थान, नागरिकत्व, राष्ट्रभाषा आणि सुलतानांचे अधिकार या विषयांना आव्हान देण्यास बंदी घालण्यात आली. ही बंदी खासदारांनाही लागू होती.

नवे आर्थिक धोरण काय होते?

पोलीस बंदोबस्ताने दंगल थांबते, तिचे कारण जात नाही, हे रझाक यांनी ओळखले होते. १९७० मध्ये द्वीपकल्पीय मलेशियातील सुमारे ४९ टक्के कुटुंबे गरिबीत होती. कंपन्यांच्या भागभांडवलात परकीयांचा वाटा ६० टक्क्यांहून अधिक, तर मलय व अन्य मूलनिवासींचा, म्हणजे भूमिपुत्रांचा, जेमतेम २.४ टक्के होता.

१९७१ च्या नव्या आर्थिक धोरणाची दोन उद्दिष्टे होती. पहिले, वंश न पाहता सर्वांची गरिबी हटवणे. दुसरे, वंश आणि व्यवसाय यांची सांगड तोडणे. १९९० पर्यंत भूमिपुत्रांचा भागभांडवलातील वाटा ३० टक्क्यांवर न्यायचा होता. इतर मलेशियन नागरिकांसाठी ४० आणि परकीयांसाठी ३० टक्के असे गणित होते. एकाचे काढून दुसऱ्याला द्यायचे नाही, तर वाढत्या अर्थव्यवस्थेतील नवा हिस्सा मागे राहिलेल्यांकडे वळवायचा, ही त्यामागची कल्पना होती.

म्हणजेच वाढीवर सारे अवलंबून होते. मुक्त व्यापार क्षेत्रांचा कायदा झाला आणि १९७२ मध्ये इंटेलने पेनांगमध्ये कारखाना सुरू केला. इलेक्ट्रॉनिक्सच्या अशा कारखान्यांत खेड्यांतल्या हजारो मलय तरुणी कामाला लागल्या. विद्यापीठांत आणि नोकऱ्यांत भूमिपुत्रांसाठी कोटा आला.

विरोधकांना सोबत का घेतले?

वांशिक मुद्दे रस्त्यावर जाऊ नयेत म्हणून रझाक यांनी कालपर्यंतचे विरोधी पक्षही आघाडीत घेतले. त्यातून ‘बारिसान नॅशनल’ उभी राहिली. १९७४ च्या निवडणुकीत तिने १५४ पैकी १३५ जागा जिंकल्या. त्याच वर्षी मे महिन्यात रझाक यांनी बीजिंगला जाऊन माओ झेडाँग यांची भेट घेतली. चीनशी राजनैतिक संबंध जोडणारा मलेशिया हा ‘आसियान’मधील पहिला देश ठरला.

वेळ किती उरला होता?

रझाक यांना रक्ताचा कर्करोग होता. ही गोष्ट मोजक्या लोकांनाच ठाऊक होती. वीस वर्षांचा आराखडा मांडणाऱ्या या नेत्याला त्यातली पाच वर्षेही पुरती पाहता आली नाहीत. १४ जानेवारी १९७६ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. वय होते ५३. त्यांचे साडू हुसेन ऑन पंतप्रधान झाले. मलेशिया आजही रझाक यांना ‘विकासाचे जनक’ म्हणून ओळखतो.

हिशेब काय सांगतो?

१९९० पर्यंत द्वीपकल्पातील गरिबी सुमारे १५ टक्क्यांवर आली. भूमिपुत्रांचा भांडवली वाटा १९ टक्क्यांच्या पुढे गेला, पण ३० टक्क्यांचे लक्ष्य हुकले. १९६९ सारखी दंगल पुन्हा झाली नाही आणि मलय मध्यमवर्ग उभा राहिला. दुसरीकडे, कोट्यामुळे संधी नाकारली जाते म्हणून अनेक चिनी आणि भारतीय तरुणांनी देश सोडला. मळ्यांवरचे गरीब तमिळ मजूर बरेचसे मागेच राहिले. सवलतींचा मोठा लाभ सत्तेजवळच्या मूठभरांना मिळाला, ही टीका मलय समाजातूनही होते.

वीस वर्षांसाठी आखलेल्या धोरणाची मुदत १९९० मध्ये संपली. भूमिपुत्रांच्या सवलती मात्र नव्या नावांनी चालू राहिल्या. रझाक यांचे पुत्र नजीब २००९ मध्ये पंतप्रधान झाले. सरकारी निधी ‘वनएमडीबी’मधील घोटाळ्याच्या सावटाखाली २०१८ मध्ये ते निवडणूक हरले आणि नंतर तुरुंगात गेले. वडिलांनी उभारलेल्या आघाडीने केंद्रातील सत्ता पहिल्यांदा गमावली, ती याच निवडणुकीत.