अलेक्झांडर हंबोल्ट

अलेक्झांडर हंबोल्ट यांचा जन्म १७६९ साली बर्लिन येथे झाला. लहानपणी पाने, फुले, किडे व दगड गोळा करण्याचा त्यांना मोठा नाद होता. पुढे ते खाणखात्यात अधिकारी झाले; परंतु दूरदेश पाहण्याची ओढ त्यांना स्वस्थ बसू देईना. नोकरी सोडून १७९९ साली ते बाँप्लां या मित्रासह दक्षिण अमेरिकेस निघाले.

१८०० साली ते व्हेनेझुएलातील व्हॅलेन्सिया सरोवरापाशी आले. सरोवराचे पाणी ओसरत चालले होते. ते एखाद्या गुप्त भुयारातून वाहून जात असावे, अशी तेथील लोकांची समजूत होती. हंबोल्ट यांनी भोवतालचे डोंगर व ओढे बारकाईने पाहिले, तेव्हा निराळेच कारण त्यांच्या ध्यानी आले. लोकांनी शेतीसाठी झाडे तोडली होती व ओढ्यांचे पाणी मळ्यांकडे वळवले होते. झाडे गेल्यामुळे जमिनीत ओलावा टिकेना. पावसात लोंढे मातीसह वाहून जात आणि एरवी ओढे कोरडे पडत.

१८०२ साली ते चिंबोराझो पर्वत चढू लागले. थंडीने हात बधिर झाले, हिरड्यांतून रक्त आले, तरी त्यांची मोजमापे थांबली नाहीत. अखेर एका खोल भेगेमुळे त्यांना शिखर गाठता आले नाही. पण उंचीप्रमाणे हवा बदलते आणि हवेप्रमाणे वनस्पती बदलतात, हे त्यांनी एका चित्रातून जगाला दाखवले.

१८५९ साली ते निधन पावले. माती, पाणी, हवा व सजीव यांचे परस्परांशी असलेले नाते पाहण्याची दृष्टी त्यांनी आपणांस दिली.