तीन तबकड्या, एकच घर

रविवारी शिरवळहून पुण्याला जाणार असाल, तर जुन्या बाजारात एक चक्कर टाकाच. नटबोल्ट, बंद घड्याळं, पितळी समया यांच्या शेजारी कधीतरी काळ्या तबकड्यांचा गठ्ठा दिसतो. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, लाख वापरून बनवलेल्या, हातातून सुटल्या की काचेसारख्या फुटणाऱ्या. समजा, त्यात तीन नावं सापडली: अब्दुल करीम खाँ, हिराबाई बडोदेकर आणि सुरेशबाबू माने. पहिलं नाव तुम्ही ऐकलेलं असेल. दुसरं आजीला विचारलं तर कळेल. पण तिसरं? आणि ही तिघं एकमेकांची कोण? लेबल काही सांगत नाही.

सुरुवात पहिल्या तबकडीपासून करू. अब्दुल करीम खाँ १८७२मध्ये उत्तर प्रदेशातल्या कैराना गावी, गाण्या-बजावण्याच्या घरात जन्मले. तरुणपणी बडोदा दरबारात गायला लागले. तिथेच ताराबाई माने त्यांच्या आयुष्यात आल्या. त्या सरदार घराण्यातल्या, हे दरबारी गवई. घरून विरोध होणारच होता. दोघांनी बडोदं सोडलं, मुंबई गाठली आणि पुढे मिरजेत संसार मांडला. मुलगा सुरेशबाबू १९०२चा, हिराबाई १९०५च्या.

खाँसाहेबांचं गाणं म्हणजे घाई नाही. एकेक सूर लावायचा, त्यावर थांबायचं, मग पुढे सरकायचं. म्हैसूर दरबारात ते कर्नाटक संगीत ऐकत आणि त्यातली सरगम त्यांनी आपल्या गाण्यात आणली. १९१३मध्ये पुण्यात त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढलं. ऐपत नसलेली मुलंही तिथे राहून शिकायची. तंबोऱ्याची जवारी बिघडली, तर ती स्वतः लावायला बसणारा हा माणूस होता.

रेकॉर्डिंगचं तंत्र मात्र अशा गाण्याच्या विरोधातलं. १९०५च्या सुमारास त्यांनी पहिल्या रेकॉर्ड दिल्या, तेव्हा मायक्रोफोनसुद्धा नव्हता. भोंग्यात तोंड घालून गायचं आणि तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटांत सगळं संपवायचं. राग तासभर फुलवणाऱ्याला तीन मिनिटं! पुढे मोठा खंड पडला. १९३४नंतर ओडियन कंपनीसाठी ते पुन्हा गायले, तेव्हा साठी उलटली होती. आज आपण त्यांचा म्हणून जो आवाज ऐकतो, तो बहुतेक या शेवटच्या तीनेक वर्षांतला आहे. आणखी थोडा उशीर झाला असता, तर तोही हाती लागला नसता.

कारण २७ ऑक्टोबर १९३७ला मद्रासहून पाँडिचेरीला जाताना गाडीतच त्यांना अस्वस्थ वाटू लागलं. सिंगपेरुमाळ कोईल नावाच्या छोट्या स्टेशनवर ते उतरले. सांगतात, की फलाटावर अंथरूण घालून, तंबोरा जुळवून त्यांनी प्रार्थना गायली आणि तिथेच देह ठेवला. त्यांना मिरजेत आणून मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात दफन केलं. तिथे दरवर्षी त्यांच्या नावाने संगीत सभा भरते.

आता उरलेल्या दोन तबकड्या. १९२०नंतरच्या काळात ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांनी वडिलांचं नाव लावलं नाही. हिराबाई बडोदेकर झाल्या, सुरेशबाबू माने झाले. म्हणून लेबल गप्प आहे. पण तिन्ही तबकड्या ओळीने ऐका. सुरावर थांबण्याची ती सवय तुम्हाला तिघांतही सापडेल. सुरेशबाबूंनी हिराबाईंना शिकवलं, पुढे प्रभा अत्रेंनाही. १९५३मध्ये ते गेले. त्यांच्या शिष्यांची नावं सगळ्यांना माहीत, त्यांचं स्वतःचं मात्र मागे पडलं.

अमेरिकेत जुन्या ब्लूज रेकॉर्ड जमवणाऱ्यांनी अशीच मागे पडलेली माणसं शोधली. मिसिसिपी जॉन हर्टने १९२८मध्ये रेकॉर्ड दिल्या आणि लोक त्याला विसरून गेले. १९६३मध्ये एका संग्राहकाने गाण्यातल्या गावाच्या नावावरून माग काढला, तर हर्ट त्याच गावात सापडला! पुढची तीन वर्षं, मरेपर्यंत, तो मोठमोठ्या मंचांवर गायला. आपल्याकडे तर गदगच्या एका दुकानात खाँसाहेबांची रेकॉर्ड ऐकून भीमसेन जोशी नावाचा पोरगा गाणं शिकायला घर सोडून निघाला होता.

तेव्हा गठ्ठा दिसला, की फक्त ओळखीचं नाव उचलून पुढे जाऊ नका. अनोळखी तबकडीही घ्या. एलपीच्या सुईवर ती लावू नका, खराब होईल. ७८ची सुई वेगळी असते. एवढं जमत नसेल, तर मोबाईलवर सुरेशबाबू माने शोधा. शिरवळहून पुण्याच्या एसटीत बसलात, की स्वारगेट येईपर्यंत भरपूर वेळ असतो. या रेकॉर्डची एक बाजू तर तीनच मिनिटांची आहे.